फेरचौकशीसाठी परत

गठ्ठा परत आला मंगळवारी,
ओरोसच्या शिपायाच्या मांडीवर बसून,
वेंगुर्ल्याच्या एसटीत, खिडकीकडची जागा.
मी पानं मोजली. जाताना दोनशे बारा,
येताना दोनशे एकोणतीस.
वर काही वजा होत नाही,
कागदाला कागद लागतो फक्त.

दावा तसा साधा. वादी जनाबाई तारी,
धंदा कालवं काढणं, म्हणते
माडांतून खाडीत उतरणारी अडीच हात वाट
माझी, माझ्या सासूची, तिच्याही सासूची.
प्रतिवादी दत्ताराम वायंगणकर म्हणतो,
वाट कसली, ती तर पाण्याची मोरी.

आमच्या कोर्टाने वाट दिली.
जिल्ह्याने काढून घेतली.
मुंबईने जिल्ह्याचा निकाल बाजूला ठेवला
आणि आमचाही, त्याच ओळीत,
एक स्वल्पविराम देऊन.
मुद्दा क्रमांक चार कोणी काढलाच नाही, म्हणाले:
वहिवाट भरतीची, ओहोटीची, की दोन्हींची?
पुरावा घ्या. निष्कर्ष नोंदवा. सहा महिन्यांत.

नवे वकील विचारतात, भाऊ, वर नेमकं जातं काय?
दुसऱ्या अपिलात कायद्याचा प्रश्न जातो,
धुऊन, निथळून,
जसा कालवाचा गर वाटीत घेऊन बाजाराला जातो.
कवची इथेच राहतात, चिखलात,
पाय कापायला.

तिची उलटतपासणी मला आठवते, एक्क्याण्णव साल.
पिंजऱ्यात अनवाणी उभी.
वकील म्हणाले, हक्काचा कागद आहे का तुमच्याकडे?
ती लाकडाला धरून टाच उचलायला लागली,
चिरा दाखवायला.
साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं:
कागद नसल्याचे साक्षीदार कबूल करते.
टाचेला निशाणी क्रमांक पडला नाही.
ते एक वाक्य मात्र ओरोसला गेलं, तिथून मुंबईला,
प्रत्येक पायरीवर थोडं आणखी ठळक होत.

मधल्या काळात 'जैसे थे'चा हुकूम.
बेलिफाने माडाच्या बुंध्याला चिकटवला, मी सोबत होतो.
खाडी वाचत नाही.
काठ दोन हात आत आला, तिवरं पुढे सरकली,
कमिशनरच्या नकाशातला माड आता पाण्यात उभा आहे.
जनाबाई ओहोटीला उतरत राहिली.
हुकूम मोडल्याची तक्रार
दत्तारामने कधी केली नाही.

अपील म्हणजे काय, हे तिला मीच समजावलं होतं,
कोर्टाच्या पायरीवर, तिच्या टोपलीशेजारी बसून.
ती म्हणाली, "वरच्या कोर्टाक सुकती कशी दिसतली?"
मी हसलो होतो.
आता मुंबईने तेच विचारलंय,
इंग्रजीत, सतरा पानांत.

वादी मयत. वारस नात, प्रणिता,
कुडाळला मोबाईलच्या दुकानात.
समन्स घेतलं, सही केली,
वाट कुठून उतरते हे बेलिफालाच विचारलं.

आणि काल दुपारी दत्ताराम आला रेकॉर्डरूममध्ये,
अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, काठी भिंतीला टेकवून.
म्हणाला, "मुद्दो चारचो साक्षीदार
आता मीच उरलंय.
माझ्या पडवेतसून दिसायची ती, दर सुकतीक,
काळोखात, कंदील घेऊन."
मग बराच वेळ गठ्ठ्याच्या गाठीकडे पाहत,
"ह्या सांगलंय तर हरतलंय मी?"

असल्या प्रश्नाला उत्तर देणं माझ्या कामात बसत नाही.
मी म्हटलं, निकालानंतर वर जायला तीस दिवस असतात.

त्याने मान हलवली.
भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहिली,
बोटांवर काहीतरी मोजलं
आणि उद्याच्या सुकतीची वेळ सांगून,
मी विचारली नसताना,
जिना उतरायला लागला.